किल्ली होती

रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा, म्हणून त्या दिवशी फ्रेमवाल्या काकू दुकान उशिरा उघडत. खाली फ्रेमचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम नवऱ्याचं. लाकडी पट्टीचे कोपरे तिरके कापणं, काच कापणं, मागचा पुठ्ठा बसवून बारीक खिळे-चुका ठोकणं हे काकूंचं. बोलण्यापेक्षा हातांचं काम त्यांना बरं वाटायचं.

लेक एकुलती एक. जन्मली तेव्हा बाहुलीएवढी होती, म्हणून तिला घरात ठकी म्हणू लागले ते कायमचंच. ठकी हुशार निघाली. एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलावर काम करायची, इंग्रजी फाडफाड बोलायची. तिथेच कंपनीच्या कामासाठी आलेला एक परदेशी माणूस तिला भेटला. शांत, नीटनेटका, खुर्ची ओढून बसायला देणारा. लग्न झालं आणि ठकी त्याच्याबरोबर त्याच्या देशात गेली.

सुरुवातीला ती स्वतःच्या फोनवरून बोलायची आणि मायलेकी तासभर बडबडत. मग ठकीचा फोन बिघडला. नवा येणार होता, तो काही आला नाही. आता फोन जावयांच्या मोबाइलवरून यायचा. पडद्यावर ठकी आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून जावई.

एका रविवारी ठकी आपल्या भाषेत काहीतरी सांगून हसली, तशी जावयांनी हसतच बोट वर केलं. "प्लीज, मम्मी. इंग्लिश. आय ऑल्सो वॉन्ट टू लाफ."

ठकीने आईबाबांना अर्थ सांगितला. यांनाही हसायचंय म्हणे.

"बरोबरच आहे त्यांचं," फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले. "आपण तिघं आपापसात बोलणार आणि ते बिचारे भिंतीकडे बघणार. उद्यापासून इंग्रजी!"

"आणि मी काय बोलू? येस, नो, थँक्यू? तेवढ्यात संपली माझी इंग्रजी."

"मग शीक. बाई आहेत ना त्या, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शिकवतात. फक्त मला इंग्रजीत ओरडू नकोस म्हणजे झालं. काय ओरडतेस तेच कळायचं नाही, मग घाबरू कसा?"

काकू शिकायला जाऊ लागल्या. वर्गाला एक लांबट खोली, पांढरा फळा आणि गुडघे अडकतील अशी बाकं होती. सोबत एक टॅक्सीवाला, एक पार्लरवाली आणि आणखी चारदोन जण. बाई किडकिडीत, चष्मा कपाळावर ढकलून शिकवणाऱ्या. काळ शिकवताना त्या स्वतःच दारातून आतबाहेर करत. दाराकडे चालता चालता थांबून म्हणत, "आय अॅम गोइंग. बघा, पाय उचललाय, अजून पोचले नाही." खुर्चीत बसून म्हणत, "आय गो. आत्ता मी कुठेही चाललेली नाही. पण रोज जाते. सवय आहे." मग बाहेर जाऊन, दार लावून, पलीकडून ओरडत, "आय वेंट!"

"यस्टरडे आय विल स्लीप," टॅक्सीवाला म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "काल झोपणार आहात? मग टॅक्सी आज कोण चालवतंय?"

काकूंच्याही सुरुवातीला हे सगळं डोक्यावरून जायचं. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपल्या कानाला हे नवीन नाही. दुकानात फोटो घेऊन येणारी माणसं काळ चुकत नाहीत. "ही माझी आई" म्हणणारा वेगळा आणि "आई खूप हसायची हो" म्हणणारा वेगळा. या दुसऱ्याला फ्रेम कशी हवी ते काकू विचारत नसत, आपणहूनच गडद पट्टी काढून समोर ठेवत.

रविवारी त्या ठकीशी मोडकंतोडकं बोलू लागल्या. ठकीही त्यांना कळेल असं सोपं सोपं बोलायची.

"आय वेंट टू द पार्क. आय वर्क्ड इन अ फ्लॉवर शॉप. आय स्वॅम एव्हरी ट्यूसडे."

"बघ," बाबा खूश. "बागेत गेली, पोहली, फुलांच्या दुकानात काम केलं. मजेत आहे पोर."

काकूही खूश होत्या. शब्द न् शब्द कळला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मोठ्या अभिमानाने ती वाक्यं म्हणून दाखवली. बाईंनी शाबासकी दिली आणि सहज म्हणाल्या, "आता पोहत नाही का ती?"

"पोहते की. दर मंगळवारी."

"मग 'आय स्विम' म्हणाली असती. 'आय स्वॅम एव्हरी ट्यूसडे' म्हणजे दर मंगळवारी पोहायची. 'वेंट' म्हणजे गेले, पण कधीकधी जायचे असाही अर्थ होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, त्यांचं एकावरच भागतं."

काकू बाकावर बसून राहिल्या. पोहायची. काम करायची. बागेत जायची. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण त्यांनी ती झटकली. लग्नानंतर माणसाचं आयुष्य बदलतंच. काम सोडलं असेल, पोहणं सोडलं असेल. आपण तरी लग्नाआधी गात होतोच की.

तरी पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम विषय काढला. मला सराव करायचाय म्हणाल्या. मी क्रियापद सांगते, तू वाक्य कर. जावयांना ही कल्पना फार आवडली. त्यांनी मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला आणि हाताची घडी घालून मागे रेलले.

"वॉक," काकू म्हणाल्या.

"आय वॉक्ड."

"लाफ."

"आय लाफ्ड."

"सिंग."

"आय सँग, आई."

"नॉट पास्ट. आता प्रेझेंट. रोजचं सांग. एव्हरी डे."

जावई हसले. "कम ऑन, डार्लिंग. यू आर द टीचर."

"आय कुक," ठकी म्हणाली. मग बराच वेळ थांबून, "आय स्लीप. आय वेट."

"वेट?"

"आय वेट, आई. एव्हरी डे."

काकूंनी घाईघाईने पुढचा काळ काढला. बाईंनी नुकताच शिकवला होता. "नाऊ विल. यू विल... काय?"

ठकीने तोंड उघडलं. "आय विल..." तिला क्रियापद सापडेना. जिला हॉटेलात चार भाषांतल्या पाहुण्यांशी बोलताना शब्द कधी कमी पडला नाही, तिला एक क्रियापद सापडेना. तिने शेजारी पाहिलं.

"वी विल मूव्ह," जावयांनी वाक्य पुरं केलं. "टू अ न्यू हाउस. बिग हाउस. नो नेबर्स. व्हेरी क्वाएट."

ते हे इतकं हळू आणि सोपं करून म्हणाले की बाबांनाही समजलं. "मोठं घर! वा, वा! काँग्रॅच्युलेशन!" बाबांनी टाळीच वाजवली. काकू पडद्यावरच्या लेकीकडे बघत होत्या. ती हसत होती, पण फोटो काढणाऱ्याने सांगितल्यावर हसतात ना, तशी.

त्या आठवड्यात काकूंच्या हातून दोन काचा तडकल्या. नवऱ्याने कुरकुर केली तर म्हणाल्या, "अहो, ठकी घराबाहेर पडत नाही."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. तिचं बाहेरचं सगळं भूतकाळात आहे आणि आतलं तेवढं वर्तमानात."

"अगं, चार दिवस इंग्रजी शिकलीस आणि लगेच तर्क लढवायला लागलीस. जावई इतका शांत माणूस, आवाज चढवून बोललेला ऐकलायस का कधी?"

नव्हता ऐकला. तेच काकूंना सलत होतं.

वर्गात मग 'हॅव' आणि 'हॅड' आलं. आहे आणि होतं. बाईंनी सरावासाठी चित्रांचा एक कागद दिला. त्यावर पेन, छत्री, कुत्रा, किल्ली, सायकल अशी चित्रं होती. काकूंनी रविवारी तो कागद समोर धरला आणि ओळीने विचारत सुटल्या. जावई शेजारीच होते. सफरचंद कापून एकेक फोड ठकीच्या हातात देत होते.

"डू यू हॅव अ पेन?"

"येस, आय हॅव अ पेन."

"डू यू हॅव अॅन अम्ब्रेला?"

"येस."

"डू यू हॅव अ डॉग?"

"नो, आय डोन्ट हॅव अ डॉग," ठकी म्हणाली आणि खरोखर थोडीशी हसली.

"डू यू हॅव अ की?"

ठकीच्या हातातली फोड तशीच राहिली. "आय हॅड अ की."

सुरी ताटलीत ठेवल्याचा बारीक आवाज झाला. जावयांचं हसू जागचं हललं नाही. त्यांनी हात पुसला, ठकीच्या मानेमागून नेऊन पलीकडच्या खांद्यावर ठेवला आणि सरळ पडद्यात पाहिलं.

"आय हॅव द की, मम्मी. आय टेक केअर ऑफ हर."

सायकलचं चित्र तसंच राहिलं. तिकडून फोन बंद झाला होता.

"किल्ली हरवली असेल पोरीने," बाबा म्हणाले. या वेळी मात्र बोलताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही.

मधल्या दिवसांत काकूंनी त्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन केला. घंटा वाजून वाजून थांबायची. एकदाच निरोप आला, 'बिझी. पॅकिंग.' बाईंना त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी ठकी दिसते का बघा. नाही दिसली तर माझ्या घरी या. वर्गाची वाट बघू नका."

रविवारी फोन आला. पडद्यावर जावई एकटे. मागची भिंत उघडी. काकूंनी स्वतःच्या हाताने मढवून पाठवलेला लग्नाचा फोटो तिथे लावलेला असायचा. आता नुसता खिळा होता.

"व्हेअर इज ठकी?"

"शी इज स्लीपिंग."

तिकडे संध्याकाळ होती, खिडकीत अजून ऊन दिसत होतं. काकू म्हणाल्या, "प्लीज. कॉल ठकी."

"शी वॉज टायर्ड, मम्मी. शी वॉज नॉट हॅपी." जावई प्रत्येक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसा देत होते. "शी वॉज अ गुड गर्ल. आय लव्ह्ड हर व्हेरी मच."

वॉज. लव्ह्ड. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहून, हातातला फोटो पुसत माणसं जसं बोलतात तसं हे बोलणं होतं. पण हा बोलत होता झोपलेल्या माणसाबद्दल. काकूंनी टेबलाची कड धरली.

"इज," त्या म्हणाल्या. "शी इज अ गुड गर्ल. इज? ऑर वॉज?"

जावयांनी कौतुकाने मान डोलावली.

"युवर इंग्लिश इज सो मच बेटर, मम्मी."

पडदा काळा झाला.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं. "अगं, काय म्हणाले ते? बोल ना!"

"तो," काकू म्हणाल्या. लग्नापासून त्यांनी जावयाला कधी एकेरी म्हटलं नव्हतं. "तो म्हणाला, ती चांगली मुलगी होती."

बाबा उठले, अंगात शर्ट अडकवला आणि चपला उलट्यासुलट्या घालून काकूंच्या आधी जिना उतरले.

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला होता. त्यांनी दोघांना आत घेतलं. टेबलावरचे कप बाजूला सारले, लॅपटॉप उघडला आणि त्या गावच्या पोलिसांचा नंबर शोधला. पत्ता काकूंना तोंडपाठ होता, फोटोच्या पार्सलवर त्यांनीच तो एकेक अक्षर जुळवून लिहिला होता. बाईंनी फोन स्पीकरवर लावला आणि भराभर बोलू लागल्या. ते बोलणं इतकं वेगात होतं की काकूंना त्यातलं डॉटर तेवढं कळलं. मग पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला आणि बाईंनी फोन त्यांच्याकडे सरकवला.

"त्यांना आईशी बोलायचंय. म्हणतात, ज्याने ऐकलं त्यानेच सांगावं. हळू बोलतील."

"मला नाही जमायचं. चुकेल माझं."

"चुकू दे. थांबू नका."

पलीकडचा आवाज दमलेला पण सभ्य होता. "मॅडम, इज ही हर्टिंग हर?"

इज, आयएनजी. आत्ता चाललंय का. काकू म्हणाल्या, "आय डोन्ट नो."

"डिड ही हर्ट हर बिफोर?"

डिड. पूर्वी. "आय डोन्ट नो," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आता हा माणूस फोन ठेवणार असं वाटून त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. बाबांनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"व्हॉट डू यू नो, मॅडम?"

हे त्यांना समजलं. जे ठाऊक आहे ते सांग. काकूंनी डोळे मिटले आणि काच कापताना पट्टी धरतात तसा एकेक शब्द घट्ट धरून ठेवू लागल्या.

"शी हॅड अ की. नाऊ, ही हॅज द की. शी वर्क्ड. नाऊ, शी डज नॉट वर्क. शी वेट. वेट्स. एव्हरी डे. दे आर मूव्हिंग. हाउस, नो नेबर्स. टुडे, आय आस्क, व्हेअर इज शी. ही सेज, शी इज स्लीपिंग. देन ही सेज..." त्यांना श्वास पुरेना. "ही सेज, शी वॉज अ गुड गर्ल."

पलीकडे टायपिंग थांबलं.

"ही सेड 'वॉज'?"

"येस. वॉज."

"स्टे निअर युवर फोन, मॅडम. वी विल सेंड समवन."

फोन बंद झाल्यावर काकू बाईंकडे वळल्या. "विल म्हणाले. म्हणजे पाठवतायत का?"

"पाठवतील."

"कधी?"

"त्या शब्दात कधी ते नसतं हो," बाई म्हणाल्या.

तिघं त्या टेबलाभोवती बसून राहिली. बाईंनी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याची धार पत्र्यावर पडल्याचा आवाज येत होता. बाबा मधेच म्हणाले, "मीच आधी होकार दिला. मीच म्हणालो होतो माणूस शांत आहे." काकूंनी गार झालेला कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना धीर द्यायला लागणारे शब्द त्यांच्यापाशी त्या वेळी कुठल्याच भाषेत नव्हते.

फोन वाजला तेव्हा दुपार कलली होती. पलीकडे पोलिसातलीच एक बाई होती. बाईंनी ऐकलं, मान हलवली, पुन्हा ऐकलं आणि डोळे पुसत फोन काकूंच्या कानाला लावला.

"आई," ठकी म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते. "आई, आपल्या भाषेत बोलू?"

"बोल गं. बोल, माझ्या बाळा."

पण ठकी नुसती रडत राहिली आणि काकू तो आवाज कानात साठवत राहिल्या.

बाकीचं नंतर कळलं. ठकी मागच्या खोलीत सापडली. दाराला बाहेरून कुलूप. दिवसभर तिला कसल्याशा गोळ्या दिलेल्या होत्या. बाहेर सामानाची खोकी बांधून तयार होती. त्यांत ठकीचे कपडे नव्हते. ते का नव्हते हे त्या पोलीसबाईने जावयाला विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं म्हणे, की बायको आजारी आहे, तिच्या सामानाचं नंतर बघणार होतो. त्याने आवाज चढवला नाही. चौकशीला तो आपणहून गेला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि त्याला काही दिवसांनी सोडलं. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा घर रिकामं होतं. 'वी डोन्ट नो व्हेअर ही वेंट,' असं त्या पोलीसबाईने कळवलं. काकूंना ते वाक्य कुणाकडून समजून घ्यावं लागलं नाही.

बायकांच्या निवाऱ्यात काही आठवडे काढून ठकी घरी आली. विमानतळावर बाबांनी तिला जवळ घेतलं तर तिच्या खांद्याची हाडं त्यांच्या हाताला लागली.

घरी ती चांगली बोलायची, जेवायची, जुन्या मैत्रिणींचे फोनही घ्यायची. पण पाणी प्यायला उठण्याआधी विचारायची, "आई, पिऊ?" खिडकी उघडू? दिवा लावू? बाबा एकदा कळवळून म्हणाले, "ठके, घर तुझंच आहे गं, विचारतेस काय?" तशी ती दचकली आणि त्यांची माफी मागू लागली. त्यानंतर बाबांनी तसं म्हणणं सोडलं. रस्त्यावर एखादी गाडी दुकानासमोर थांबली की तिघंही बोलता बोलता गप्प होत. गाडी गेली की सोडलेल्या वाक्यापासून पुढे बोलायला लागत.

एका सकाळी काकू खाली काच कापत होत्या. बाबा माल आणायला गेले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दुकानाच्या आतल्या दारापाशी थांबली. ठकी उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती, चौकटीला हात लावून. तिला आत यायचं होतं, ते दिसत होतं.

काकूंच्या ओठावर 'ये' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. ये म्हटलं की ती येणार, बस म्हटलं की बसणार. त्यांनी वर पाहिलंच नाही. पट्टी दाबून धरली, हिऱ्याचा कटर काचेवरून ओढला. करकर आवाज झाला. काच टेबलाच्या कडेवर ठेवून त्यांनी हलका दाब दिला आणि ती सरळ रेघेत तुटली. मग दुसरी घेतली, मग तिसरी. रस्त्यावर एक गाडी हळू झाली. दारातली ठकी ताठली. काकूंचा हातही काचेवर थबकला. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं, कुणी उतरेना. काचेवर उन्हाची तिरीप होती ती गाडीच्या सावलीने विझली.

मग गाडी निघून गेली. ऊन पुन्हा टेबलावर आलं.

काकू कापत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं, खुंटीवरचं मऊ फडकं काढलं आणि कापलेली पहिली काच उजेडात धरून, काही न विचारता, पुसायला लागलं.